ग्लासांवर नाव कोरायचंय? आधी बादली भरा

बादली. प्लास्टिकची, अर्धी भरलेली, सोबत प्लास्टिकचाच मग आणि खाण्याच्या सोड्याचं पाकीट. एचिंग क्रीमची, म्हणजे काच खाऊन नक्षी उठवणाऱ्या क्रीमची, डबी उघडण्याआधी हे जागेवर हवं. मागच्या वेळी बाकी सगळा सरंजाम होता, बादली तेवढी नव्हती. क्रीम लावून झालं, वेळ संपत आली आणि तेव्हा डोक्यात आलं की धुवायचं कुठे? समोर बेसिन होतं, त्यात धुतलं. आता नळाखाली हाताला खरखरीत लागणारा पांढुरका ओघळ आहे. घासून जात नाही, कारण तो डाग नाहीच, तिथली चकाकीच खाल्ली गेली आहे. या क्रीममधली फ्लोराइडची आम्लं काचेतल्या सिलिकावर काम करतात, आणि बेसिनवरचा, टाइलवरचा ग्लेझ म्हणजे काचेचाच थर. त्यामुळे बाथरूमची फरशीही नको. भांडी घासायचं सिंक तर नकोच नको. बादली.

ग्लास सरळ उभ्या भिंतीचे घ्या. क्रीम लावण्याआधी नावाची अक्षरं कापून काढलेला स्टिकर चिकटवायचा असतो, निमुळत्यांवर त्याला सुरकुती पडते आणि सुरकुतीतून क्रीम आत शिरतं. ओव्हनमध्ये चालणारी बोरोसिलिकेट काच नक्षी नीट धरेलच असं नाही, साधे स्वस्त ग्लास उत्तम. एक जादा घ्या, पहिला हात त्याच्यावर बसवा. नक्षी बाहेरूनच, आणि ओठ लागतात तो काठ सोडून.

नावं कापायला नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात जा, स्वस्तात होतं. पण त्याला दोनदा सांगा. त्याच्या हाताला अक्षरं ठेवून भोवतालचं फेकायची सवय. आपल्याला उलट हवं, अक्षरं काढलेली आणि भोवतालची पट्टी शाबूत. शिवाय ‘व’च्या पोटातला, ‘ठ’च्या गोलातला बारका तुकडा जपून ठेवायला सांगा. तो हरवला की ‘वैभव’चे दोन्ही ‘व’ भरीव गोळे होऊन बसतात. चारी बाजूंनी दोन बोटं पट्टी जास्त ठेवायला लावा, क्रीम ओघळतंच.

ग्लास साबणाने धुवा, कोरडा करा, सर्जिकल स्पिरिटने पुसा. मग त्या जागी बोट लावायचं नाही, बोटाचं तेल उमटतं. स्टिकर लावला की जुन्या एटीएम कार्डाने अक्षरांच्या कडा दाबत न्या, शिरोरेखेचे कोपरे विशेष. उजेडाकडे धरून कडेला हवेची चंदेरी रेघ दिसते का पाहा. दिसली तर पुन्हा दाबा.

नायट्रिलचे हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, पोरं आणि मांजर खोलीबाहेर. यात हयगय नको. हे क्रीम अंगाला लागलं की लगेच झोंबेलच असं नाही, जळजळ तासांनीही सुरू होते, तोवर ते आत उतरलेलं असतं. कातडीवर आलं तर वाट न पाहता वाहत्या पाण्याखाली धरा, डॉक्टरकडे जा आणि फ्लोराइडचं क्रीम आहे हे सांगा. डबीही सोबत न्या.

बादली भरली ना? बघून या. मी थांबतो.

आता क्रीम. जाड थर, प्लास्टिकच्या चमच्याने, मधे एकदा हलवून. किती वेळ ते डबीवर लिहिलेलं असतं, तेवढाच. जास्त ठेवून खोल जात नाही. मोठे भरीव आकार डागाळ उठतात, बारीक रेषा छान येतात. उरलेलं क्रीम खरवडून परत डबीत, ते पुन्हा चालतं. काचेच्या बरणीत काढून ठेवू नका, एवढं तरी सांगायला लागू नये.

धुवायचं बादलीत. ग्लास बादलीवर धरून मगाने पाणी, मग स्टिकर काढा, मग पुन्हा पाणी. ओल्या काचेवर काहीच दिसत नाही, घाबरून परत क्रीम फासू नका. पुसा, वाळू द्या, मग बघा.

बादलीत सोडा टाका, फेस थांबेपर्यंत. मग भरपूर पाण्याबरोबर मोरीच्या जाळीत. ग्लास साबणाने नीट धुऊन मगच वापरायला.