पावसाळा सरताना गादी-उशांतील डस्ट माइटचा बंदोबस्त

सकाळी जाग येताच ओळीने आठ-दहा शिंका येतात, नाक चोंदते, डोळे खाजतात आणि घराबाहेर पडल्यावर तासाभरात बरे वाटते, असे रोज घडत असेल तर पहिला संशय अंथरुणावर घ्यावा. धुळीच्या ॲलर्जीमागे बहुतेक वेळा डस्ट माइट हा आठ पायांचा, पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीचा जीव असतो, हे नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवून दिले. हा जीव ढेकणासारखा चावत नाही. तो आपल्या त्वचेचा गळालेला कोंडा खातो, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील पाचक विकरांचा (एन्झाइम्सचा).

म्हणजे कामे दोन आहेत: माइट मारणे आणि त्याची विष्ठा काढून टाकणे. बहुतेक घरांत यांतले एकच केले जाते, आणि मग उपाय लागू पडत नाही अशी तक्रार होते.

माइट पाणी पीत नाही, हवेतील बाष्पावर जगतो. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो तगत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे साधणे अवघड असते, म्हणून ऑक्टोबरचे कडक ऊन सोडू नये. कापसाची गादी गच्चीवर तापलेल्या फरशीवर सकाळपासून दुपारपर्यंत पसरावी आणि मध्ये एकदा उलटावी. दिवाळीच्या तोंडावर गाद्यांना ऊन दाखवण्याची जुनी रीत या दृष्टीने अगदी योग्य होती. मात्र उन्हाने विष्ठा जात नाही; त्यासाठी गादी बाहेरच काठीने झोडावी लागते, आणि हे काम ज्याला ॲलर्जी आहे त्याने करू नये. गादी पिंजून घ्यायची असेल तेव्हाही त्याला दूर ठेवावे. फोमची गादी झोडता येत नसल्याने तिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा. त्याला हेपा फिल्टर, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी, असलेला बरा.

त्यानंतर गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी. नुसत्या खोळीवर भरवसा ठेवू नये, कारण केवळ तेवढ्याने मोठ्यांचा दमा कमी होत नाही, असे चाचण्यांत दिसले आहे. चादरी, अभ्रे आणि गोधड्या दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवाव्यात. गार पाण्याने विष्ठा बरीचशी वाहून जाते, पण माइट धाग्यांना चिकटून जिवंत राहतात. गरम पाणी न सोसणारी मुलांची मऊ खेळणी पिशवीत बांधून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि मग धुवावीत.

केर काढण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसावी, कारण कोरड्या झाडूने बसलेली धूळ पुन्हा उडते. ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. एअर प्युरिफायरवर मोठा खर्च करण्याची मला घाई वाटत नाही. विष्ठेचे कण जड असल्याने ते थोड्याच वेळात खाली बसतात आणि यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

छातीत घरघर होत असेल किंवा रात्री खोकल्याने झोपमोड होत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन त्वचेवरील प्रिक चाचणी (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थाचा थेंब त्वचेवर ठेवून हलके टोचण्याची) करून घ्यावी, आणि साफसफाईने बरे वाटू लागले म्हणून चालू असलेला इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नये.