शिकागोत शिकायला आलात? पहिल्याच आठवड्यात ग्रंथालय गाठा

दर सप्टेंबरात हाइड पार्कमध्ये नवी मराठी मुलं दिसायला लागतात. कुणाची बॅग अजून उघडलेली नसते, कुणाचं बँक खातं व्हायचं असतं, कुणाला थंडीचे कपडे कुठून घ्यायचे ते विचारायचं असतं. ही सगळी कामं मार्गी लागतात. मागे राहतं ते ग्रंथालय. डिसेंबर उजाडतो, पेपर द्यायची तारीख चार दिवसांवर येते आणि मग फोन येतो, "ताई, या विषयावर काहीच मिळत नाहीये हो." बहुतेक वेळा ते असतं, पण कसं मागायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मी शिकागो विद्यापीठात शिकले, म्हणून तिथलं लिहिते आहे. तुम्ही अमेरिकेत दुसरीकडे असाल तर इमारतींची नावं बदला, बाकी बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

मी साताऱ्याहून आले. आमच्या कॉलेजात ग्रंथालय म्हणजे एक खिडकी होती. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, आतून पुस्तक आलं तर घ्यायचं, नाही आलं तर परत फिरायचं. कपाटांपर्यंत जायची मुभा नव्हती. ती सवय अंगात इतकी मुरलेली होती की विद्यापीठाच्या मुख्य, रेगन्स्टाइन ग्रंथालयात पहिले दोन आठवडे मी खाली बसून स्वतःचीच पुस्तकं वाचत होते. वर जाऊन आपल्या हाताने पुस्तक काढायचं, चाळायचं, नको असेल तर बाजूच्या ट्रॉलीवर ठेवायचं, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही ते दोन आठवडे घालवू नका.

इथे सगळे त्याला 'रेग' म्हणतात. १९७० साली उघडलेली ही करड्या दगडाची भलीमोठी इमारत जुन्या स्टॅग फील्डच्या जागेवर उभी आहे. त्याच मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी माणसाने घडवलेली, एकदा सुरू झाली की आपली आपण चालू राहणारी पहिली अणुसाखळी प्रक्रिया झाली. भौतिकशास्त्राची मुलं तिची आठवण म्हणून शेजारी उभं केलेलं हेन्री मूरचं शिल्प बघायला जातात, तुम्हीही जा.

पुस्तकं विषयवार लावलेली असतात. भारतीय भाषांचा मोठा भाग 'पीके' या अक्षरांखाली येतो, मराठीही तिथेच. कॅटलॉगमधून एका पुस्तकाचा क्रमांक घेऊन गेलात तरी तेवढंच उचलून परत येऊ नका. त्याच्या डावीकडची दहा आणि उजवीकडची दहा पुस्तकं बघा. माझ्या प्रबंधातले निम्मे संदर्भ असेच शेजारपाजारी सापडले आहेत. अपवाद मान्सुएटो ग्रंथालयाचा, म्हणजे रेगला जोडून असलेल्या, २०११ मध्ये उघडलेल्या काचेच्या घुमटाचा. तिथे पुस्तकं जमिनीखाली पन्नास फूट खोल, लोखंडी पेट्यांमध्ये, विषयानुसार नव्हे तर आकारानुसार रचलेली आहेत. ऑनलाइन मागणी केली की यंत्र पेटी वर आणतं आणि काही मिनिटांत पुस्तक काउंटरवर येतं. ३५ लाख खंड मावतील एवढी ती जागा आहे. पण तिथे शेजार बघता येत नाही, म्हणून कॅटलॉगमधल्या नोंदीवर जो 'विषय' दिलेला असतो त्यावर क्लिक करा. त्या विषयाची सगळी पुस्तकं एकत्र दिसतात.

आता मराठी मुलांना सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट. मराठी पुस्तकं शोधताना कॅटलॉग "काही सापडलं नाही" म्हणतो आणि आपण समजतो की इथे मराठी पुस्तकंच नाहीत. मीही तसंच समजले होते. खरं तर नोंदी रोमन लिपीत असतात, पण आपण मोबाइलवर लिहितो तशा नसतात. अमेरिकन ग्रंथालयांचा लिप्यंतराचा ठरलेला तक्ता आहे. त्यात च म्हणजे नुसता 'सी'. 'सीएच' लिहिलंत तर तो छ होतो. श म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'एस', शोधताना ती रेघ गाळली तरी चालतं. ष मात्र 'एसएच'. ज्ञ म्हणजे 'जेएन', आपला 'डीएनवाय' नव्हे. आणि शब्दाच्या शेवटचा अ आपण बोलताना उच्चारत नाही, पण तिथे तो लिहिलेला असतो. 'मौज प्रकाशन' हवं तर मौजच्या शेवटी 'ए', प्रकाशनच्या शेवटीही 'ए', आणि मधल्या श ला नुसता 'एस'. ज्ञानेश्वरी हवी तर जे-एन-ए-एन-ई-एस-व्ही-ए-आर-आय. पॉप्युलर प्रकाशनातला 'पॉप्युलर'सुद्धा इंग्रजी स्पेलिंगने नसतो, मराठी अक्षरांवरून उतरवलेला असतो, शेवटच्या 'ए'सकट. काही नोंदींत देवनागरीही असते, पण सगळ्यांत नाही, तेव्हा दोन्ही प्रकारे शोधा. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ज्या दिवशी मला तो कळला त्या दिवशी मी रात्री बंद व्हायच्या वेळेपर्यंत तिथून उठले नाही. आजीच्या घरी पाहिलेल्या पुस्तकांची नावं एकामागून एक पडद्यावर येत होती.

इतकी मराठी पुस्तकं इथे आली कशी, हेही माहीत असू द्या. १९५४ साली अमेरिकेने 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा केला आणि त्याखाली भारताने गहू घेतला, त्याचे पैसे रुपयांत दिले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो रेशनचा गहू आठवत असेल. त्या साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतात पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली आणि ती अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना पाठवली. त्यात शिकागो होतं. मोठ्या प्रकाशकांच्या कादंबऱ्यांबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी छापलेल्या लहानसहान पुस्तिकाही त्या वाटेने इथे पोचल्या. जुन्या नोंदींत 'पीएल ४८०' असं दिसलं की समजा, हे पुस्तक गव्हाच्या पैशांतून आलेलं आहे.

याच विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशांच्या प्रकल्पात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शोधता येतो, फुकट आणि कुठूनही. जुनी कागदपत्रं वाचणार असाल तर तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच आहे. पुण्यातल्या मित्रांनाही दुवा पाठवा.

पैशांचं बोलते. शोधनिबंधासाठी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर कधीही कार्ड काढू नका. पहिल्या सत्रात मी एका लेखासाठी तीसच्या वर डॉलर भरले. तो लेख जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहात होता आणि जेस्टोरची वर्गणी विद्यापीठ भरत होतं, म्हणजे माझ्याच फीमधून. घरून वाचायचं तर ग्रंथालयाच्या पानावरून आत शिरा, विद्यापीठाचं लॉगिन विचारलं जातं आणि लेख उघडतो. जे विद्यापीठाकडे नाही ते आंतरग्रंथालय सेवेतून मागवा. फॉर्म भरला की लेखाची स्कॅन प्रत ईमेलवर येते आणि पुस्तक दुसऱ्या विद्यापीठातून येतं. विद्यार्थ्याला त्याचे पैसे पडत नाहीत. पण पुस्तक यायला दिवस लागतात आणि इथलं क्वार्टर, म्हणजे सत्र, भुर्रकन संपतं, म्हणून मागणी पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच टाका. महागडी पाठ्यपुस्तकं घेण्याआधी ती कोर्स रिझर्व्हमध्ये, म्हणजे वर्गासाठी राखून ठेवलेल्या पुस्तकांत, आहेत का ते बघा, काही तासांसाठी मिळतात. तुमच्याकडचं पुस्तक दुसऱ्या कुणी मागितलं तर रिकॉलचा, म्हणजे पुस्तक लवकर परत करा असा, ईमेल येतो. तो आला की तारीख पाळाच, समोरचाही तुमच्यासारखाच पेपरच्या घाईत असतो.

कुणी जोडीदाराबरोबर आलं असेल तर त्यांनी दिवसभर खोलीत बसू नये. शिकागो पब्लिक लायब्ररीचं कार्ड शहरात राहणाऱ्यांना मोफत मिळतं आणि २०१९ पासून तिथे उशिराचा दंडही नाही. डाउनटाउनमधलं हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालय एकदा तरी पाहा.

टिपणं काढताना पान क्रमांक त्याच क्षणी लिहा. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह घाला. आपल्याकडे बऱ्याच जणांना हे कुणी नीट शिकवलेलं नसतं आणि इथे त्यापायी वर्ष बुडू शकतं. झोटेरो हे मोफत साधन पहिल्या दिवसापासून वापरा, संदर्भसूची आपोआप तयार होते. एआयने सुचवलेलं पुस्तक कॅटलॉगमध्ये शोधल्याशिवाय पेपरात घालू नका. असं पुस्तक कधी छापलंच गेलं नव्हतं हे कळल्यावर रडवेली झालेली मुलगी मी पाहिली आहे.

आणि ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते: विषयाचे ग्रंथपाल. दक्षिण आशियासाठी इथे वेगळे ग्रंथपाल असतात. तुमच्याशी बोलणं हे त्यांचं काम आहे, तुम्ही त्यांना त्रास देत नाही. आपल्याला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं, आधी स्वतः सगळं वाचून जाऊ. तसं करू नका.

मला १८७६ ते ७८ च्या दुष्काळावर पेपर लिहायचा होता. तीन आठवडे 'भारत' आणि 'दुष्काळ' हे दोनच शब्द टाकून शोधत होते आणि तीच ती पुस्तकं समोर येत होती. शेवटी मैत्रिणीने हाताला धरून नेलं. ग्रंथपालबाईंनी पुस्तकाचं नाव विचारलंच नाही. कुठला जिल्हा? पेपर किती पानांचा? तुला कोणत्या लिप्या वाचता येतात? मी म्हटलं, देवनागरी, आणि मोडी थोडीशी. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि कागद पुढे ओढला. तासाभरात त्या कागदावर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्याचा १९ वा खंड होता, १८८५ चा. १८८० चा दुष्काळ आयोगाचा अहवाल होता. आणि मुंबई सरकार दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांचा इंग्रजी सारांश करून घेत असे, ते अहवाल होते. सातारचाच खंड मी मागितला नव्हता, कारण तो इथे असेल असं मला वाटलंच नव्हतं. मॉरीन पॅटरसन याच विद्यापीठात दक्षिण आशियाच्या ग्रंथपाल होत्या आणि त्यांचं स्वतःचं संशोधन महाराष्ट्रावर होतं, हेही मला त्याच दिवशी कळलं. त्यांनी केलेली दक्षिण आशियाची जाडजूड ग्रंथसूची १९८१ साली प्रसिद्ध झाली. जुन्या विषयांसाठी ती अजूनही उघडावी अशी आहे.

तेव्हा याच आठवड्यात ईमेल पाठवा. लांबलचक प्रस्तावना नको, माफीही नको. चार गोष्टी पुरतात: मी अमुक विभागात पहिल्या वर्षाला आहे, अमुक विषयावर इतक्या पानांचा पेपर लिहायचा आहे, आतापर्यंत ही दोन पुस्तकं पाहिली, मला मराठी आणि हिंदी वाचता येतं. ती शेवटची ओळ गाळू नका, तुम्हाला काय दाखवायचं हे त्यावरून ठरतं. भेटायला जाताना कच्चा आराखडा बरोबर घ्या, अर्ध्या पानाचा असला तरी.