सेंटरबोर्डची दुरुस्ती: या चुका टाळा

उन्हाळ्यात शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी उतरलं की बामणोली-तापोळ्याकडे बुडीत शेतांचे बांध आणि दगड पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात. शिडाच्या छोट्या होडीचा सेंटरबोर्ड, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडलेली फळी, नेमका त्यांवर आपटतो. टोक फुटतं, पुढची कड चेचते.

ओल्या लाकडावर रेझिन (वाळून कडक होणारं चिकट द्रव) लावणं ही पहिली चूक. वरून कोरडा दिसणारा बोर्ड फुटलेल्या टोकाशी आणि ज्या बोल्टवर तो फिरतो त्याच्या भोकाशी पाणी धरून असतो, कारण तिथे लाकडाचे रेषे उघडे असतात. जुना रंग खरवडा, बोर्ड सावलीत दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा उभा ठेवा आणि रोज वजन करा. तीन-चार दिवस वजन हललं नाही की काम सुरू करा. उन्हात टाकलात तर एक बाजू आधी सुकून बोर्ड वाकतो. हे सगळं मेअखेर उरका. त्या पट्ट्यातल्या पावसात लाकूड सुकत नाही.

फायबरच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडाला नीट धरत नाही. इपॉक्सी रेझिनच घ्या, आणि ते कडक करणारा हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात काट्यावर मोजून घाला. जास्त हार्डनरने इपॉक्सी लवकर वाळत नाही, उलट मऊच राहतं. बोर्ड सागाचा असेल तर लाकडात तेल असतं; जोडाची जागा घासून असिटोनने पुसा. वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर आला तर आधी पाण्याने धुवा, मग पॉलिश पेपर लावा.

खरी गडबड होते ती आकारात. पाणी कापायला धार हवी म्हणून पुढची कड सुरीसारखी करतात. वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं चढताना पाणी बोर्डवर थोडं तिरकं येतं. धारदार कडेवर त्याचा प्रवाह सुटतो आणि होडी आडवी सरकते. कड गोलसर हवी. २५० मिमी रुंद आणि २५ मिमी जाड बोर्डाला एनएसीए ००१० चा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा असलेल्या विमानाच्या पंखाच्या एका प्रमाणित छेदाचा, आकार बसतो. पुढच्या कडेपासून २५ मिमीवर जाडी १९.५, ७५ वर पूर्ण २५, १२५ वर २२, २०० वर ११ आणि २२५ वर ६ मिमी. मागची कड मात्र गोल करू नका. २ मिमी जाडी ठेवून काटकोनात कापा, नाहीतर वेगात बोर्ड गुणगुणतो.

अर्ध्या आकाराचा साचा ३ मिमी प्लायमधून कापून दोन्ही बाजूंना तोच लावा. कडेवरची मध्यरेषा शेवटपर्यंत पुसू देऊ नका. बाजू असमान झाल्या तर होडी एका टॅकवर (वारा एका बाजूने घेताना) नीट चढते, दुसऱ्यावर सरकते. शर्यतीची होडी असेल तर आधी तिच्या क्लासचे, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांच्या गटाचे, नियम बघा.

केसमध्ये, म्हणजे होडीतल्या बोर्डाच्या उभ्या खोबणीत, राहणारा भाग सपाटच ठेवा. २०० ग्रॅमच्या काचकापडाचा एक थर सुमारे पाव मिमी जाडी वाढवतो, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन थर दिले की १ मिमी. केसची फट आधी मोजली नाही तर बोर्ड अडकतो.

बोल्ट १० मिमीचा असेल तर भोक १८ मिमीचं पाडा, सिलिकाची पूड घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि पूर्ण कडक झाल्यावर त्यातच १० मिमीचं भोक पाडा. मग बोल्टच्या वाटेने पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.