स्पितीच्या खडीवर गाडी नेताना: उडणाऱ्या दगडांचा बंदोबस्त

हिमाचलात मनालीकडून स्पितीला जाताना ग्राम्फू सोडलं की छत्रू, बातल करत कुंझुम खिंडीपर्यंतचा बराचसा रस्ता कच्चा आहे. कुठे क्रशरची धारदार खडी, कुठे नदीपात्रातले गुळगुळीत गोटे. पुण्या-मुंबईहून थार, जिम्नी, स्कॉर्पिओ घेऊन जाणारे लोखंडी बंपरवर आणि टपावरच्या लाइटवर हजारो रुपये घालतात. पण दिवसभर गाडीला बडवतात ते दगड तिच्याच टायरने उडवलेले असतात, म्हणून खर्चाची सुरुवात चाकांपासून करावी.

पुढच्या चाकाने फेकलेला दगड दाराखालच्या पट्टीवर, मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर बसतो. रंग आधी तिथेच उडतो. त्यामुळे मडफ्लॅप चारही चाकांना हवेत, आणि कंपनीचे वीतभर प्लास्टिकचे पुरत नाहीत. ट्रकच्या सामानाच्या दुकानातून ४ ते ५ मिमी जाडीचं रबर आणा आणि बाहेरच्या बाजूला टायरपेक्षा २ सेमी जास्त रुंद कापा. खालची कड जमिनीपासून १५ ते १८ सेमी वर राहू द्या, पण हे माप माणसं-सामान भरून घ्या. रिकाम्या गाडीवर मोजलेला फ्लॅप भार चढल्यावर जमिनीला घासतो. कन्व्हेयर बेल्टचं फुकटात मिळणारं रबर नको. त्यात कापडाचे थर असतात, ते वाकत नाही आणि कुठे अडकलं की चाकाच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर फाडून निघतं.

नुसते बोल्ट मारले तर रबर भोकापाशी फाटतं. वरून २५ मिमी रुंदीची लोखंडी पट्टी ठेवून तीन बोल्टने आवळा, नट नायलॉकचेच (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी न सुटणारे) घ्या. मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर फ्लॅपला लागत नाही ना, ते बघा. खालच्या कोपऱ्यात एक भोक ठेवा. मोठ्या दगडांवरून रिव्हर्स घ्यायची वेळ आली की त्यातून तार ओवून फ्लॅप वर बांधता येतो. नाहीतर तो टायर आणि दगडाच्या मध्ये सापडून उपटला जातो. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) किंवा रुंद अलॉय लावून टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बाहेर काढलं असेल, तर आधी फेंडरला रुंद कडा बसवा.

एसीचा कंडेन्सर अगदी पुढे असतो. त्याला भोक पडलं तर गॅस जातो, आणि दगड त्याच्याही पार गेला तर मागचा रेडिएटर फुटून प्रवास तिथेच थांबतो. ग्रिलच्या आतून ५-६ मिमी भोकांची स्टीलची जाळी झिप टायने सहा ठिकाणी बांधा. जाळी आणि कंडेन्सरमध्ये निदान २ सेमी जागा सोडा, कारण चिकटलेली जाळी हादऱ्यांनी कंडेन्सरचे पातळ पत्रे घासत राहते. डासांची बारीक जाळी अजिबात नको. ४,५०० मीटर उंचीवर हवा आधीच विरळ, त्यात धुळीने जाळी बुजली की चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे जातो.

मग गाडी रॅम्पवर घ्या. मागच्या ॲक्सलवरचे ब्रेक पाइप, एबीएस सेन्सरच्या वायरी आणि टाकीकडून येणारे इंधनाचे पाइप हाताने चाचपा. उघड्या भागावर उभा चिरलेला रबरी होज चढवून दोन्ही टोकांना झिप टाय लावा. सायलेन्सरजवळ रबर नेऊ नका.

रंगासाठी १५० ते २०० मायक्रॉनची पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) चांगली, पण महाग. बॉनेटची पुढची कड, दाराखालची पट्टी, मागची कमान आणि हेडलाइट एवढ्यावर लावली तरी भागतं. पत्र्यावर चिकटणाऱ्या चुंबकी शीट्सच्या नादी लागू नये. आत शिरलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

पुढची काच वाचवायला बसवण्यासारखं काही नाही, वेगच कमी हवा. ६० ऐवजी ४० ने गेलात तर तुमच्या वेगामुळे बसणारा दगडाचा आघात निम्म्याहून कमी होतो. टिपर किंवा बसमागे निदान १०० मीटर अंतर ठेवा, समोरून गाडी आली तर २० वर या. ओव्हरटेक केल्यावर लगेच आत घुसू नका, तुमची खडी त्याच्या काचेवर जाते. सुट्या खडीच्या चढावर ४एच (चारही चाकांना जोर देणारा गिअर) टाका, म्हणजे मागची चाकं फिरून दगड फेकणार नाहीत.

काचेवर तारा (दगडाने पडलेली ताऱ्यासारखी चीर) पडलाच तर जागा कोरडी करून बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, धूळ-पाणी आत जायला नको. थंड सकाळी गरम डिफॉगर थेट काचेवर सोडला की तडा धावतो. रुपयाच्या नाण्याएवढा तारा कडेला किंवा चालकाच्या नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून भागतं. विम्यात काचेला घसारा लागत नाही, पण दावा केला की एनसीबी (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. बारीक दुरुस्ती खिशातूनच करावी.

चाकातून अचानक कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. ब्रेक डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो. ५-१० फूट हळू रिव्हर्स घ्या, बहुधा पडतो. नाही पडला तर डिस्क थंड झाल्यावर स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा किंचित बाहेर वाकवा.

डांबर लागलं की २एच (दोनच चाकांना जोर) वर या, उतरून टायरच्या खाचांतले खडे उचकून काढा. ८० च्या वेगाला तेच सुटतात आणि मागच्याची काच फोडतात.