पीनट बटर आणि चॉकलेटचं थरांचं डेझर्ट: या चुका टाळा

काप काढला की तीन रेघा स्वच्छ दिसायला हव्यात. खाली चॉकलेट बिस्किटांचा काळा थर, मध्ये पीनट बटरचा फिकट बदामी, वर चकचकीत गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा तळाचा भुगा होतो, मधला थर सुरीबरोबर बाजूला घसरतो आणि गनाशवर तेलाचे थेंब दिसायला लागतात. मग कृतीला दोष दिला जातो आणि पुढच्या वेळी प्रमाणं बदलली जातात. माझ्या मते घोटाळा सहसा प्रमाणात नसतो. इथे दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी निभावतं, पण तापमान चुकलं तर निभावत नाही. कुठला पदार्थ किती गार किंवा कोमट असताना दुसऱ्यावर गेला, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

पुढचं सगळं ८ इंची चौकोनी टिनच्या हिशेबाने लिहिलं आहे. तळासाठी मधलं क्रीम असलेली चॉकलेट बिस्किटं ३०० ग्रॅम आणि वितळलेलं बटर ८० ग्रॅम. मधल्या थरासाठी क्रीम चीज २२५ ग्रॅम, पीनट बटर २०० ग्रॅम, आयसिंग शुगर १०० ग्रॅम आणि व्हिपिंग क्रीम २०० मिली. गनाशला डार्क चॉकलेट २०० ग्रॅम आणि क्रीम १५० मिली. पहिल्यांदा करत असाल तर कपाने मोजू नका, वजनकाटा वापरा. पीनट बटर कपात दाबून भरलं की सैल भरलं, यावर त्याचं वजन बरंच बदलतं.

तळ सुटतो किंवा दगड होतो

बिस्किटांमधलं क्रीम खरवडून टाकू नका. चुरा धरून ठेवायला तेच मदत करतं, म्हणूनच बटर कमी लागतं. क्रीम नसलेली साधी चॉकलेट बिस्किटं घेतलीत तर बटर १२० ते १४० ग्रॅमपर्यंत न्यावं लागेल. क्रीमवाल्या बिस्किटांमध्ये एवढं बटर घातलं तर तळ फ्रिजमध्ये इतका घट्ट होतो की काटा आत शिरत नाही, आणि जोर लावला की वरचे थर बाजूने बाहेर येतात.

चुरा रव्याइतका बारीक हवा. मोठे तुकडे राहिले की नेमका तिथेच तळ फुटतो. बटर मिसळल्यावर मूठ वळून बघा: गोळा टिकायला हवा आणि अंगठ्याने दाबल्यावर मोडायला हवा. मुठीला तूपकटपणा जास्त जाणवला तर दोन-तीन बिस्किटं आणखी चुरून घाला. टिनमध्ये सपाट बुडाच्या पेल्याने दाबा. कोपरे आणि कडा आधी घ्या, कारण काप तिथूनच तुटतात. मग अर्धा तास फ्रिज. कुरकुरीत तळ आवडत असेल तर ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसवर ८ ते १० मिनिटं भाजा, पण त्यानंतर तो पूर्ण गार होईपर्यंत थांबा. वरून गार वाटणाऱ्या टिनचं बूड बराच वेळ कोमट असतं, त्यामुळे हात खालून लावून बघा.

मधल्या थरात गुठळ्या, आणि तो घट्टच होत नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण वेगवेगळी तापमानं लागणारे दोन पदार्थ इथे एकत्र येतात. क्रीम चीज मऊ हवं, व्हिपिंग क्रीम थंडगार हवं.

क्रीम चीज तासभर आधी बाहेर काढा आणि सुरुवातीला ते एकटंच फेटा. गुळगुळीत झाल्याशिवाय दुसरं काही घालू नका. थंड क्रीम चीजमध्ये पीनट बटर घातलं की पांढऱ्या गुठळ्या राहतात. त्या मोडायची संधी क्रीम मिसळण्याआधीच असते; नंतर फेटत राहिलात तर क्रीममधली हवा जाते आणि गुठळ्या तशाच राहतात. आयसिंग शुगर चाळून घ्या.

पीनट बटर कुठलं घेता याने मोठा फरक पडतो. नुसत्या शेंगदाण्यांचं, वर तेल सुटणारं पीनट बटर पोळीला किंवा ब्रेडला उत्तम. या थरात मात्र ते पोत थोडा रवाळ करतं आणि गार झाल्यावरही मऊ राहतं. तेल सुटू नये म्हणून घट्ट होणारी वनस्पती चरबी घातलेलं, चमच्यावर जाड बसणारं पीनट बटर इथे जास्त विश्वासाचं. तेल सुटणारंच वापरायचं असेल तर बरणी तळापर्यंत ढवळून मगच मोजा. वरचं तेल आधी वापरलं गेलं तर थर ओघळतो, आणि तळाचा कोरडा भाग वापरला तर घास घशात अडकतो. घरी वाटलेलं असेल तर ते पूर्ण गार होऊ द्या. मिक्सरच्या भांड्यात ते चांगलंच तापतं, आणि ती ऊब थेट क्रीममध्ये जाते.

आता क्रीम. पाकिटावर फॅट किती आहे ते वाचा. ३५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ते नीट उभं राहतं. २५ टक्क्यांचं क्रीम कितीही वेळ फेटलं तरी हवा तसा आकार धरत नाही. तिथे तुमच्या हातात दोष नाही. भांडं आणि बीटरची पाती दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गोड केलेलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम असेल तर आयसिंग शुगर निम्म्यावर आणा.

पाती उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा. अगदी ताठ होईपर्यंत फेटायचा मोह आवरा, कारण पुढे मिसळताना ते आणखी घट्ट होणारच आहे. जास्त फेटून दाणेदार दिसायला लागलं तर घाबरू नका: दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घाला आणि हाताने हलकेच मिसळा. ते बहुतेक वेळा सावरतं. पिवळसर कण आणि पाणी वेगळं झालं असेल तर मात्र ते बटर झालं. ते बाजूला काढा आणि नवीन क्रीम घ्या.

पीनट बटरच्या मिश्रणात मिसळताना फेटलेल्या क्रीमचे तीन भाग करा. पहिला भाग जोरात मिसळला तरी हरकत नाही, त्याने जड मिश्रण सैल होतं. उरलेले दोन रबरी स्पॅच्युलाने खालून वर घेत फोल्ड करा. थर टिनमध्ये पसरला की किमान दोन तास फ्रिजमध्ये, आणि या दोन तासांत काटछाट नको.

पाण्याचा एक थेंब

वरून रेघा ओढण्यासाठी पीनट बटर पातळ करायचं म्हणून अनेकजण त्यात चमचाभर दूध किंवा पाणी घालतात, आणि ते पातळ व्हायच्या ऐवजी आवळून येतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओला चमचा गेला की अगदी हेच होतं. कारण दोन्हींचं एकच: दोन्ही म्हणजे चरबीत तरंगणारे कोरडे, बारीक कण. थोडंसं पाणी मिळालं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. पीनट बटर सैल करायचं असेल तर हलकं कोमट करा किंवा चमचाभर वास नसलेलं तेल घाला. आवळलेलं चॉकलेट फेकू नका. त्यात गरम क्रीम थोडं थोडं घालत गेलात तर ते पुन्हा सैल होतं. गनाशमध्ये ते सहज चालतं.

गनाश

क्रीम खळखळून उकळू नका. कडेने बुडबुडे दिसले की बंद करा, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मधूनच लहान गोल फिरवत ढवळायला लागा. जोरात फेटलंत तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि वर भोकं दिसतात. तेल सुटून गनाश फाटल्यासारखं दिसलं तर कोमट दूध एकेक छोटा चमचा घालून मधून ढवळा. चरबीच्या मानाने पाणी कमी पडलेलं असतं, तेवढं मिळालं की चकाकी परत येते.

वरचं प्रमाण डार्क चॉकलेटचं आहे. मिल्क चॉकलेट मऊ असतं, त्यामुळे २०० ग्रॅमला क्रीम १०० मिलीच घ्या. चॉकलेट चिप्समध्ये सहसा कोको बटर कमी असतं, म्हणून त्यांचं गनाश जाड होतं आणि नीट पसरत नाही. अख्खी पट्टी चिरून घेणं बरं.

आता या डेझर्टमधला निर्णायक क्षण: ओतणं. गनाश गरम असेल तर खालचा थर वितळतो आणि दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. फार गार असेल तर ते पसरत नाही, स्पॅच्युला मधला थर ओरबाडून वर आणतो. साधारण ३२ ते ३५ अंश योग्य. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ चमच्यावर थेंबभर घेऊन खालच्या ओठाला लावा. गरमही नाही, गारही नाही असं वाटलं की वेळ झाली. एका जागी ओतू नका, चमच्याच्या पाठीवरून सगळीकडे सोडा आणि टिन हलकेच कलवून पसरवा.

गनाशऐवजी कॉर्नफ्लॉरचं चॉकलेट पुडिंग घालणार असाल तर बुडबुडे आल्यावर पूर्ण एक मिनिट ढवळत शिजवा. कच्चं राहिलं की पिठाची चव येते आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. अंड्याचा पिवळा बलक असेल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण बलकातलं एन्झाइम कमी शिजलेल्या पुडिंगमधला स्टार्च तोडत राहतं. रात्री घट्ट दिसलेलं पुडिंग सकाळी पातळ होतं. क्लिंग फिल्म पुडिंगला टेकवून लावा, म्हणजे साय धरणार नाही. असं डेझर्ट फ्रीझरमध्ये ठेवू नका.

गोडाबद्दल माझा आग्रह आहे. बिस्किटं गोड, मधला थर गोड. वर ५५ ते ६० टक्क्यांचं डार्क चॉकलेट नसेल तर तिसऱ्या घासाला चमचा खाली ठेवावासा वाटतो. मधल्या थरात पाव छोटा चमचा मीठ घाला. पीनट बटर आधीच खारट असेल तर चाखून ठरवा.

झाकणं, कापणं, टिकवणं

कोमट गनाशवर झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन थेंब पडतात आणि डाग उठतात. आधी तासभर उघडं ठेवा, मग झाका. सजावटीचा बिस्किटांचा चुरा वाढण्याच्या वेळीच भुरभुरा, रात्रभरात तो मऊ पडतो. कापण्याआधी सहा ते आठ तास फ्रिज हवाच. टिनमध्ये आधीच बटर पेपर बाहेर लोंबता ठेवला असेल तर सगळी वडी उचलून पाटावर घेता येते. सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, सरळ खाली दाबा. करवतीसारखी चालवू नका. प्रत्येक कापानंतर पुसा. गनाशला तडे जात असतील तर ते फार गार आहे, दहा मिनिटं बाहेर ठेवा. फ्रिजमध्ये हे तीन-चार दिवस चांगलं राहतं, पण क्रीम असल्यामुळे टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त नको.

आणि शेंगदाण्याची ॲलर्जी. गनाशखाली पीनट बटर आहे हे पाहून कळत नाही, आणि काहीजणांना अगदी थोडाही शेंगदाणा जिवावर बेतू शकतो. वाढण्याआधी तोंडाने सांगा, डब्यावर लिहा, त्यातला चमचा दुसऱ्या गोडाला लावू नका. लहान मुलांच्या कार्यक्रमाला नेत असाल तर आदल्या दिवशीच पालकांना विचारा.

इतकं करूनही मधला थर बसला नाही, तर टिनमध्येच अडकून राहू नका. छोट्या ग्लासांत तळाचा भुगा, वर मिश्रण, वर चमचाभर गनाश असं भरा आणि दोन तास गार करा.