पद्मिनी दारातच राहावी म्हणून

जुन्या फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं, वायरिंग हे माझं काम. गॅरेजलाइनीत आम्हाला वायरमन म्हणतात. "अलार्म बसवून द्या" म्हणत गिऱ्हाईक आलं, की मी आधी विचारतो, रात्री गाडी उभी कुठे असते? सोसायटीच्या कोपऱ्यात, कव्हर घालून, असं उत्तर आलं की अलार्मचा विषय बाजूला ठेवतो. पुण्यात कुठलाही अलार्म वाजला तर लोक खिडकी लावून घेतात. खाली उतरून बघायला कोण येतं?

पद्मिनी कोणी पळवून हायवेला भन्नाट सोडायला चोरत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघाली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि साधारण २००० सालाच्या आसपास बंद पडली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्स्या भंगारात जात होत्या तोवर दरवाजे, ग्रिल, बंपर सहज मिळायचे. आता मिळत नाहीत. म्हणून अख्खी गाडी गेली तर ती कापायला जाते, आणि अख्खी नाही गेली तर तिचे तुकडे जातात. दोन्हीत इंजिन सुरू व्हायलाच पाहिजे असं नाही. नऊशे किलोच्या आसपासची गाडी आहे. न्यूट्रलमध्ये टाकून चार जणांनी धक्का मारला की उतारावरून निघाली, आणि खाली टेम्पो उभाच असतो.

म्हणून पहिला खर्च चाकावर करा. पिवळा जॅमर बाजारात मिळतो तो घ्या आणि मागच्या चाकाला लावा. गाडी मागच्या चाकांवर चालते. पुढून उचलून ओढायची म्हटलं तर मागची चाकंच रस्त्यावर फिरणार, तीच अडवायची. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेकच्या भरवशावर सोडू नका. जुन्या हँडब्रेकची केबल ताणलेली असते, ती धरल्यासारखी वाटते पण धरत नाही. स्वतःची जागा असेल तर फरशीत काँक्रीटमध्ये एक जाड आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) बसवून घ्या आणि चाकाच्या भोकातून साखळी ओवून त्याला कुलूप घाला. साखळी जमिनीवर पडलेली नको. जमिनीवरची साखळी घणाने सहज तुटते, हवेत लोंबणारी तोडायला वेळ लागतो.

नवीन गाड्यांचं गिअरलॉक इथे चालत नाही, कारण बहुतेक पद्मिनींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. स्टिअरिंगला लावायची पट्टी मिळते, पण जुन्या स्टिअरिंगचा रिम इतका बारीक असतो की हॅक्सॉने तो कापला की पट्टी आपोआप निघते. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेक एकत्र धरणारं पेडललॉक बरं. ते दिसायला बेढब आहे, असू दे.

आता माझा विषय, म्हणजे इग्निशन.

पद्मिनीत कॉम्प्युटर नाही की चिपची किल्ली नाही. बॅटरी, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल, ती ठिणगी प्लगांना वाटणारा डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, आणि त्यातले कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे सीबी पॉइंट, संपलं. चोराला हे माहीत असतं. बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसला एक वायर टाकली की किल्लीची गरज उरत नाही. त्यामुळे किल्ली आणि कॉइलच्या मध्ये चोरस्विच बसवला, जो बहुतेक ठिकाणी बसवून देतात, तर तो या वायरने सरळ बायपास होतो. मी स्विच दुसऱ्या बाजूला घालतो. पॉइंटकडच्या वायरवरून एक फाटा काढून बॉडीला अर्थ करतो, मधे स्विच. स्विच खाली केला की पॉइंट उघडले काय आणि मिटले काय, कॉइलला सतत अर्थिंग, म्हणून स्पार्क येत नाही. चोराने प्लसला शंभर वायरी टाकल्या तरी प्लगवर ठिणगी नाहीच.

हे करून घेताना दोन गोष्टी वायरमनला बजावून सांगा. फाट्याची वायर नवीकोरी लाल-पिवळी नको, जुन्या लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) जी आहे त्याच रंगाची, त्याच कापडी टेपखाली जायला हवी, आणि जॉइंट कॉइलवर उघडा दिसायला नको, डेल्कोच्या बाजूला घ्यावा. दुसरं, अर्थिंग चालू असताना किल्ली ऑन ठेवून बसू नका. कॉइलमधून अखंड करंट जातो आणि ती हात लावता येणार नाही इतकी तापते. स्विच कुठे लपवायचा हे मी लिहिणार नाही, वायरमनलाही फार प्रश्न विचारू देऊ नका. सीटखाली आणि डॅशखाली सोडून कुठेही, एवढंच.

चार दिवस गावाला जायचं असेल तर याहून सोपं काम आहे. डेल्कोची कॅप दोन क्लिपांवर असते. ती उचला, आतला रोटर वरच्या वर ओढून काढा, खिशात टाका, कॅप परत लावा. बाहेरून काहीही दिसत नाही आणि गाडी मेलेली. १९४० मध्ये इंग्लंडमध्ये जर्मन उतरतील या भीतीने मोटारवाल्यांना गाडी सोडताना ती निकामी करून ठेवायला सरकारनेच सांगितलं होतं, तेव्हा लोक हाच रोटर काढून नेत. फक्त परत आल्यावर शोधायला लागू नये म्हणून घरात एक ठरलेली जागा असू द्या.

जीपीएस ट्रॅकर लावाच, पण तो कुठे जोडलाय ते बघा. बॅटरीच्या मायनसला हिरव्या नॉबचा कटऑफ बरेच जण बसवतात, चांगली गोष्ट आहे. मात्र ट्रॅकरचं अर्थिंग बॉडीला असेल तर नॉब काढला की ट्रॅकरही झोपला. ट्रॅकरच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या खुंट्यांवर, कटऑफच्या अलीकडे, आणि ट्रॅकरला स्वतःची छोटी बॅटरी असलेला घ्या. डिकीत पत्र्याखाली ठेवला तर त्याला आभाळ दिसत नाही, म्हणजे लोकेशन मिळत नाही. मागच्या काचेखालच्या ट्रेच्या रेक्झिनखाली ठेवला की बरोबर पकडतो. सिमचं रिचार्ज संपलंय हे बऱ्याच मालकांना गाडी गेल्यावर कळतं. बेसमेंटमध्ये नेटवर्कच नसेल तर ट्रॅकरच्या जिवावर निर्धास्त राहू नका, तिथे जॅमरच कामाचा.

सगळ्यांत कच्ची जागा मात्र पुढच्या दारातली त्रिकोणी काच. पन्नास वर्षांत तिची खटकी घासून गेलेली असते आणि रबर सुकलेलं. स्क्रूड्रायव्हरने बाहेरून जरा रेटलं की ती फिरते, मग हात आत, दार उघडलं. तुमची काच आत्ता उठून बोटाने दाबून बघा. हलत असेल तर खटकीच्या पिनेला नवीन बुश घालून घ्या आणि आतून एक छोटा स्क्रू असा बसवा की खटकी वरच येऊ नये. वारा खायचा असेल तेव्हा स्क्रू काढायचा. दरवाज्याची लॉकंही अशीच झिजलेली. शेजारच्या फियाटची किल्ली चालून गेली तर हसू नका, लॉक उघडून आतल्या पत्त्या बदलून घ्या.

तुकडे चोरणाऱ्याला व्हील कॅप, आरसे, टेललॅम्पच्या काचा, ग्रिल हवं असतं. ते सगळं वेल्डिंगने तर जोडता येत नाही. आरशाच्या आणि ग्रिलच्या नटामागे उरलेल्या आट्यांवर पंचने दोन टोले मारा, साध्या पान्याने मग पटकन सुटत नाहीत. सगळ्या काचांवर एका कोपऱ्यात आणि बंपरच्या आतल्या बाजूला चेसिस नंबरचे शेवटचे आकडे कोरून घ्या. कोरलेल्या नंबराचा माल घ्यायला बाजारात कोणी राजी नसतं.

कव्हर घालताना ते खालून दोरीने बांधा, पण आठवड्यातून एकदा काढून बघा. कव्हराखाली काय चाललंय ते शेजाऱ्यांनाही दिसत नाही. चारचौघांना रोज दिसणारी गाडी जास्त सुरक्षित, हे माझं मत आहे. बऱ्याच मालकांना पटत नाही, त्यांना रंगाची काळजी.

कागद. आरसीची मूळ प्रत डॅशच्या खणात कधीच नको, डिजिलॉकरमधली चालते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाट्या लागतात, त्यांचं स्नॅप-लॉक एकदा बसलं की न तोडता निघत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीला एक रुपया मिळणार नाही. पूर्ण विमा घेताना ध्यानात ठेवा की पाच वर्षांहून जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ठरलेल्या टक्क्यांनी कापली जात नाही, ती कंपनी आणि तुम्ही दोघांनी संमतीने ठरवायची असते. एजंट वीस हजार लिहून मोकळा होतो. तुम्ही फोटो, कामाची बिलं आणि व्हॅल्युअरचा कागद पुढे ठेवून रक्कम वाढवून घ्या. एआरएआयची (वाहनं तपासणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेलं चोरीरोधक यंत्र लावलं तर जुन्या मोटार टॅरिफमध्ये विम्याच्या हप्त्यात अडीच टक्के सूट होती, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. त्यासाठी घाई नको. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० आणि मुदत १० वर्षं. नंबरात व्हीए येतं. मात्र मग ती रोज भाजी आणायला काढता येत नाही.

गाडी विकायला काढलीत तर अजून एक जपा. "जरा चक्कर मारून बघतो" म्हणणाऱ्याला एकट्याला किल्ली देऊ नका. तुम्ही शेजारी बसा, आणि निघण्याआधी त्याच्या लायसन्सचा फोटो घ्या.

आणि गेलीच, तर आधी ११२. ट्रॅकरवर दिसली तरी स्वतः मागे धावू नका, पोलिसांना लोकेशन द्या. एफआयआरमध्ये चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाचून घ्या, एक आकडा चुकला तर पुढे विमा अडतो. त्याच दिवशी विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवा. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, कंपनी मागते. गाडी नाहीच सापडली तर पोलिसांकडून ए समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, लागते, त्याला महिने जातात. तोवर जुन्या पार्टवाल्यांच्या ओळी फिरत राहा, खिशात काचेवरच्या नंबराचा फोटो ठेवून.