वजन फक्त डोससाठी घेऊ नका: दाखल मुलांचं कुपोषण तपासताना या चुका टाळा

मध्यरात्री दाखल झालेल्या मुलाच्या केसपेपरवर वजन बहुतेक वेळा असतं. त्याशिवाय अँटिबायोटिकचा डोस काढता येत नाही, सलाईनचा वेग ठरत नाही. लांबी किंवा उंचीची जागा मात्र कोरी. मी सरकारी रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात आहारतज्ज्ञ आहे आणि सकाळी केसपेपर हातात आला की आधी ती जागा पाहते. न्यूमोनिया किंवा जुलाबासाठी आलेलं मूल त्याच नावाने ओळखलं जातं, आणि त्याखालचं कुपोषण कुणी विचारत नाही. खरं तर त्याच न्यूमोनियात दगावण्याचा धोका कुपोषित मुलालाच जास्त असतो, आणि त्याचे उपचारही वेगळ्या हिशोबाने करावे लागतात.

डोळ्यांनी ठरवणं

“अंगकाठीच तशी आहे”, “वडीलही बारीकच आहेत”, “बाळ चांगलं गुटगुटीत दिसतंय”. ही तिन्ही वाक्यं वॉर्डात रोज ऐकू येतात. तिसरं सगळ्यांत घातक.

दीड वर्षाची एक मुलगी तापासाठी आली होती. गाल भरलेले, वजन वयाच्या मानाने ठीक. मीही यादीत तिच्या नावापुढे “सामान्य” लिहिलं. तिसऱ्या दिवशी सिस्टरने पायातले मोजे काढले तेव्हा कापडाचे वळ पावलांवर तसेच राहिले. ती सूज होती. गालही सुजेचेच होते, आणि मी पाहिलेलं वजन साठलेल्या पाण्याचं होतं. तेव्हापासून मी मोजे काढल्याशिवाय नोंद करत नाही. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं. दोन्हीकडे खड्डा राहिला आणि सुजेला किडनीसारखं दुसरं कारण नसेल, तर वजन-उंची काहीही म्हणो, ते मूल सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात मोडतं. ही सूज उतरवायला लघवी वाढवणारं औषध द्यायचं नाही.

शहरातल्या वॉर्डाची अडचण वेगळी आहे. मेळघाट, नंदुरबार, पालघर ही नावं कुपोषणाशी इतकी चिकटली आहेत की पुण्या-मुंबईतल्या खाटेवरच्या मुलाबद्दल शंकाच येत नाही. जन्मजात हृदयविकार, सेरेब्रल पाल्सी, किडनीचा आजार, कर्करोग यांतली मुलं सधन घरातली असली तरी झिजतात. दूध ओढताना दम लागणारं बाळ चार घोटांत थांबतं, यात घरच्या परिस्थितीचा काय संबंध?

मोजमापातल्या छोट्या चुका

दोन सेंटिमीटरने काय होतं, हे आकड्यात पाहू. मुलगा 6.4 किलोचा आहे आणि त्याची खरी लांबी 70 सेंमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006च्या तक्त्यात या लांबीच्या मुलग्यासाठी तीव्र कुपोषणाची रेषा 6.6 किलोवर आहे, म्हणजे हा मुलगा सॅम. आता तो रडतोय, गुडघे वाकलेले आहेत, मोजणारा एकटा आहे आणि नोंद झाली 68 सेंमी. तिथे रेषा 6.3 किलोवर येते आणि तोच मुलगा “मध्यम” गटात सरकतो. म्हणून लांबी मोजायला दोन माणसं हवीतच. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळवे टेकवायचे. दुसरं माणूस नसेल तर आईला डोकं धरायला सांगा, आया छान धरतात. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवूनच मोजायचं. उभं करून मोजलंच असेल तर 0.7 सेंमी मिळवायचे.

वजनात सगळ्यांत जास्त गोंधळ डायपर आणि सलाईनसाठी हाताला बांधलेली फळी घालतात. ओल्या डायपरचं वजन शेकडो ग्रॅममध्ये जातं. फळी काढता येत नसेल तर तशीच दुसरी फळी आणि पट्टी काट्यावर ठेवून तेवढं वजा करा, आणि वजा केल्याचं कागदावर लिहा. नाहीतर पुढच्या वेळी फळी नसताना वजन केलं की मूल एका दिवसात घटल्यासारखं दिसतं. काटाही रोज सकाळी तपासायचा. त्यासाठी माहीत असलेलं एकच वजन दररोज ठेवलं तरी पुरतं.

जुलाबाने कोरडं पडलेलं मूल असेल तर पहिलं वजन अंतिम धरू नका. पाणी भरून निघालं की पुन्हा वजन घ्या आणि गट त्यावरून ठरवा. मात्र तोवर उपचार सॅम धरूनच सावधपणे चालू ठेवा. अतिकुपोषित मुलात चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते आणि डोळे एरवीही खोल असतात. त्यामुळे कोरडेपणा आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, सलाईन वेगाने सोडली जाते आणि हृदयावर ताण येतो.

दंडघेराची पट्टी

सोपी म्हणून ती घाईत वापरली जाते. डाव्या दंडाचा मध्य कोपर काटकोनात वाकवून शोधायचा, पण घेर घेताना हात सैल सोडलेला हवा. सलाईन गळून हात सुजला असेल तर दुसरा हात घ्या. 6 ते 59 महिन्यांत 11.5 सेंमीच्या खाली सॅम, 11.5 ते 12.5च्या आत मॅम, म्हणजे मध्यम कुपोषण. हे आकडे या वयापुरतेच आहेत. सहा आठवडे ते सहा महिन्यांच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2023मध्ये 11 सेंमी ही वेगळी मर्यादा दिली. पट्टीवर हिरवा, म्हणजे ‘ठीक’चा रंग आला म्हणून वजन-लांबी टाळायची नाही. पट्टी काही मुलं पकडते आणि वजन-लांबी वेगळीच काही, त्यामुळे दोन्हींतलं एक जरी कमी आलं तरी मूल कुपोषितच.

पाच वर्षांपुढच्या मुलांना ही रंगीत पट्टी लावलेली मी पाहिली आहे. अकरा वर्षांच्या मुलीचा दंड त्यावर हिरवाच दिसणार. तिची उंची घ्या, बीएमआय काढा आणि भारतीय बालरोग संघटनेच्या 2015च्या तक्त्यावर ठेवा. वाकडे सांधे असलेल्या, उभं न राहता येणाऱ्या मुलाचीही उंची सोडू नका. गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापावरून ती काढता येते.

आईला विचारताना

“नीट खातो का?” या प्रश्नाला उत्तर एकच येतं, “खातो”. आईला त्या प्रश्नात आरोप ऐकू येतो. आजूबाजूला चार खाटांवरचे नातेवाईक ऐकत असतात, सासू शेजारी बसलेली असते. अशा वेळी कोणती आई सांगेल की दोन आठवडे पोरगं चहा-बिस्किटावर आहे?

मी खाटेच्या कडेला बसते आणि कालची सकाळ विचारते. “ताई, काल उठल्यावर पहिल्यांदा काय दिलं? कशात दिलं, वाटीत की ताटलीत? उरलं किती?” वाटी हातात घेऊन दाखवायला सांगितलं की खरा अंदाज येतो. “डाळ-भात खातो” म्हणजे कधी कधी वरणाचं वरचं पाणी आणि चार शितं असतात. मग आजाराआधी किती खायचा ते विचारायचं, कारण आपल्याला घट पकडायची असते. घरी कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या आईसाठी त्याच वॉर्डातली दुसरी आई मदतीला घेतली, तर उत्तरं लांबतात आणि खरी होतात. आणि एक अगदी साधी गोष्ट: आई स्वतः जेवली का, हे आधी विचारा.

गुण मांडून थांबणं

नेदरलँड्समध्ये तयार झालेली ‘स्ट्राँगकिड्स’ ही चाळणी, म्हणजे कुपोषणाचा धोका ओळखण्याची छोटी प्रश्नावली, मला आवडते, कारण तिला काटाही लागत नाही. चार बाबी पाहायच्या असतात: मूल पाहून खंगलेलं वाटतं का, मूळ आजार पोषणावर ताण देणारा आहे का, खाणं घटलंय किंवा जुलाब-उलट्या आहेत का, वजन उतरलंय किंवा वाढ थांबलीय का. एकूण गुण 5. त्यांतले 1 ते 3 मध्यम धोका, 4-5 जास्त धोका. पण ही चाळणी पुढचा धोका सांगते, कुपोषणाचं निदान करत नाही. शून्य गुण आले तरी लांबी मोजायचीच.

गुण फाइलला लावून ठेवले की पुढे काही होत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. ज्याचे गुण 4, त्याच्या पथ्याच्या पत्रकावर त्याच दिवशी बदल दिसला पाहिजे. सॅम निघालं तर लगेच रक्तातली साखर आणि तापमान पाहायचं, अंग उबदार ठेवायचं आणि रात्रीही दर दोन तासांनी थोडं थोडं एफ-75, म्हणजे सॅमच्या सुरुवातीला देण्याचं खास दूध, द्यायचं. चांगल्या हेतूने पहिल्याच दिवशी भरपूर प्रथिनं किंवा लोहाचं औषध सुरू करू नका. लोह भूक परतल्यावर आणि वजन वाढू लागल्यावर.

चाळणी एकदाच करून चालत नाही. दाखल होताना ठीक असलेलं मूल वॉर्डातही झिजतं. सकाळच्या सोनोग्राफीसाठी रात्रीपासून उपाशी, तपासणी दुपारी, मग उद्यावर ढकलली, पुन्हा उपाशी. ही गोष्ट कुणी मुद्दाम करत नाही, पण हिशोब कुणी ठेवत नाही. आठवड्यातून दोनदा वजन, दर आठवड्याला पुन्हा चाळणी, आणि तपासणी पुढे गेली की त्याच क्षणी मुलाला खायला देण्याचा अधिकार सिस्टरकडे, एवढं ठरवून घेता येतं.

डिस्चार्ज कार्ड

कार्डावर “न्यूमोनिया, बरा” लिहून मूल घरी जातं. कुपोषणाचा शब्द नसेल तर अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना काही कळत नाही, आणि पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं राहून जातं. तिथे आईला मुलासोबत राहण्याबद्दल बुडीत मजुरी मिळते, हेही सांगा. नाहीतर शेतावरचा रोज बुडतो म्हणून ती नाही म्हणते. कार्डावर वजन, लांबी, दंडघेर आणि सूज आहे की नाही हे चारही लिहा, खाली सॅम की मॅम ते लिहा आणि पुढच्या वजनाची तारीख आईला वाचून दाखवा.